गल्लीत मयत झाली तर: पहिल्या तासापासून पहिल्या दिवाळीपर्यंत शेजाऱ्यांनी करावयाची कामे

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी मयतीची बातमी कुणाला सांगत फिरावे लागत नाही. बाईचा हंबरडा ऐकू आला की चार घरांची कवाडे उघडतात, कुणी रस्त्यावरच्या मोटारसायकली बाजूला घेतो आणि अर्ध्या तासात अंगणात चपलांचा ढीग पडतो. माणुसकी कमी पडते असे मला कधीच दिसले नाही. कमी पडते ती कामाची वाटणी. पन्नास माणसे भिंतीला टेकून बसलेली असतात, मात्र डॉक्टरचा दाखला आणायला कुणी गेलेले नसते, पुण्याहून निघालेल्या मुलाचा फोन कुणाकडे आहे हे कुणाला माहीत नसते आणि घरातल्या लहान मुलाने सकाळपासून काही खाल्ले आहे का, हे विचारायचे राहून जाते. पुढे पंधराव्या दिवशी, जेव्हा बँकेत आणि तहसीलला बरोबर येणारे एक माणूस हवे असते, तेव्हा ते सापडत नाही. गेल्या वीस वर्षांत आमच्या गल्लीतल्या बहुतेक मयतींत मी काही ना काही काम केले आहे, चुकाही केल्या आहेत, आणि त्यातून जे हाती लागले ते येथे क्रमाने मांडतो.

पहिला तास: वही आणि तीन माणसे

सर्वांत आधी शंभर पानी वही आणि पेन आणावे आणि ते एकाच माणसाच्या हाती द्यावे. हा माणूस जवळचा नातेवाईक नसावा, कारण त्याला त्या वेळी रडण्याची मोकळीक हवी असते. आमच्याकडे हे काम बहुधा निवृत्त गुरुजींकडे जाते; त्यांचे अक्षर चांगले आणि त्यांचे कुणी मोडत नाही. वहीच्या पहिल्या पानावर मृत्यूची वेळ, ठिकाण, मृताचे आधार कार्डावरील पूर्ण नाव, वय आणि घरातील एका जबाबदार माणसाचा फोन क्रमांक लिहावा. त्यानंतर तीन माणसे नेमावीत: एकाने फक्त फोन करायचे आणि घ्यायचे, दुसऱ्याने स्मशानभूमी, लाकूड व वाहन पाहायचे आणि तिसरीने, हे काम शक्यतो बाईनेच करावे, घराच्या आतील माणसांकडे लक्ष द्यायचे. आत लक्ष देणे म्हणजे सांत्वन करणे नव्हे. म्हातारीची रक्तदाबाची गोळी, साखरेच्या रुग्णाच्या पोटात दोन घास, तान्ह्या बाळाचे दूध आणि कपाटाची किल्ली, एवढे चार विषय तिने सांभाळले तरी पुष्कळ झाले.

घरी नैसर्गिक मृत्यू झाला असेल तर ज्या डॉक्टरांचे उपचार चालू होते त्यांना बोलावून मृत्यूचा व त्याच्या कारणाचा दाखला घ्यावा. नेत्रदानाची इच्छा असेल तर विचारण्याची वेळ हीच असते, कारण मृत्यूनंतर साधारण ६ तासांच्या आत डोळे काढावे लागतात. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, उशीने डोके थोडे उंच करावे आणि पंखा बंद ठेवावा.

अपघाती मृत्यू असेल तर

या भागाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे, कारण आपल्याकडे सर्वांत मोठे नुकसान येथेच होते. विहिरीत पडणे, विजेचा धक्का, अंगावर वीज कोसळणे, सर्पदंश, रस्त्यावरचा अपघात, भाजणे किंवा आत्महत्या, यांपैकी काहीही असेल तर पोलिसांना कळवावेच लागते आणि पंचनामा व शवविच्छेदन होते. पण ‘आता चिरफाड कशाला, गेलेला काही परत येत नाही’ असे म्हणणारा वडीलधारा प्रत्येक अंगणात असतो. आमच्या शेजारचा एक तरुण शेतात मोटार सुरू करताना विजेच्या धक्क्याने गेला. चुलत्यांनी घाई केली, आम्हीही गप्प बसलो आणि सायंकाळच्या आत माती झाली. महिनाभराने त्याच्या पासबुकात अपघात विम्याचा हप्ता कापल्याची नोंद दिसली, पण मृत्यू अपघाती होता हे सिद्ध करणारा कागद आमच्याजवळ एकही नव्हता. त्या दिवशी आमच्यापैकी एकाने जरी तोंड उघडले असते तर त्या घराला २ लाख रुपये मिळाले असते.

म्हणून अशा वेळी शेजाऱ्याने चारचौघांत वाद न घालता घरातल्या कर्त्या माणसाला बाजूला घ्यावे आणि शांतपणे सांगावे, ‘दादा, दोन तास उशीर होईल, पण मागे राहिलेल्यांसाठी हा कागद लागतो.’ पोलिसांकडील आकस्मिक मृत्यूच्या नोंदीची किंवा प्राथमिक खबरीची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल, या तिन्हींच्या प्रती पुढे मिळवायच्या आहेत हे वहीत लिहून ठेवावे. वीज कोसळून किंवा पुरात मृत्यू झाला असल्यास त्याच दिवशी तलाठ्याला आणि तहसील कार्यालयालाही कळवावे. नैसर्गिक आपत्तीतील मृत्यूसाठी वारसांना ४ लाख रुपयांची शासकीय मदत आहे आणि तिची सुरुवात महसूल खात्याच्या नोंदीपासून होते. आत्महत्या असेल तर एक पथ्य कडकपणे पाळावे: कशी केली, का केली, चिठ्ठी होती का, याची चर्चा अंगणात होऊ देऊ नये, आणि फोटो कुणी काढत असेल तर त्याच्या हातातला मोबाइल खिशात ठेवायला लावावा.

निरोप, वाट पाहणे आणि माती

आता आपल्या प्रत्येक गल्लीतले कुणी ना कुणी पुण्याला, चाकणला किंवा वाळूजला असते, आणि बीडकडच्या गावांत तर दिवाळीच्या सुमारास निम्मे घर ऊसतोडीला कारखान्याच्या फडावर गेलेले असते. लातूरसारख्या ठिकाणी पुण्याहून यायला रस्त्यानेच सहा-सात तास लागतात. त्यामुळे मुलाची गाडी प्रत्यक्ष निघाल्याची खात्री होईपर्यंत मातीची वेळ जाहीर करू नये. एकदा सांगितलेली वेळ तीनदा बदलली की लांबून आलेली म्हातारी माणसे उन्हात ताटकळतात. निरोपाचा मजकूर एकानेच लिहावा, त्यात नाव, वय, वेळ, ठिकाण आणि एकच फोन क्रमांक असावा. वैशाखात पारा ४२-४३ अंशांवर गेलेला असतो. अशा वेळी रात्रभर थांबायचे असल्यास शवपेटी लगेच मागवावी. नगरपालिकेकडे, एखाद्या मंडळाकडे किंवा मंडपवाल्याकडे ती असते, आणि तिला लागणारी वीज जाऊ शकते हे धरून शेजारच्या घरातून दुसऱ्या फेजची जोडणी आधीच काढून ठेवावी.

दहनासाठी साधारण तीन ते चार क्विंटल लाकूड लागते आणि पावसाळ्यात ते कोरडे मिळणे हेच मोठे काम असते, म्हणून वखारीत आधी माणूस पाठवून ओल पाहून घ्यावी. आपल्या गावांत लिंगायत, मुस्लिम आणि इतर काही समाजांत दफन असते. तेथे लाकडाऐवजी खड्डा खोदणारे, फावडी, दिवाबत्ती आणि पाणी पाहावे लागते. शेजारी वेगळ्या धर्माचा असेल तर विधीत शिरू नये, पण विधीबाहेरची कामे मात्र हक्काने उचलावीत. आमच्या गल्लीतले एक चाचा वारले तेव्हा जनाजा निघेपर्यंत पाण्याचे जार, मंडपाखालच्या सतरंज्या आणि बाहेरगावच्या गाड्यांची जागा हे सारे गणेश मंडळाच्या पोरांनी पाहिले. आणि पुढे आमच्या घरी प्रसंग आला तेव्हा चाचांचा मोठा मुलगा सकाळी सहा वाजता टेम्पो घेऊन दारात उभा होता.

स्मशानभूमीत पाणी आणि सावली असेलच असे समजू नये. दोन जार, पेले, टॉर्च, आगपेटी आणि एक छत्री सोबत न्यावी. परत येताना तेथील नोंदीची पावती मागून घ्यावी आणि वहीत चिकटवून टाकावी. ही पावती पुढे कामाला येते आणि नेमकी तीच हरवते.

पिठलं-भाकरी आणि तेरा दिवस

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारून पिठलं-भाकरी, वरण-भात जातो ही आपली जुनी रीत आहे. अडचण इतकीच की पहिल्या दिवशी सात घरांतून पिठले येते आणि सहाव्या दिवशी कुणाकडूनच काही येत नाही. यावर उपाय म्हणून वहीच्या मधल्या पानावर तेरा ओळी आखाव्यात, प्रत्येक ओळीत सकाळ आणि संध्याकाळ असे दोन रकाने करावेत आणि गल्लीतल्या बायकांनी आपापली वेळ स्वतः लिहावी. पथ्याचे एक जेवण आणि लहान मुलांना रुचेल असे काहीतरी रोज असावे; सहा वर्षांच्या पोराला आठ दिवस पिठले खायला लावणे हा कुठला शोक? डब्यांवर नाव घातलेले नसेल तर झाकणाला नेलपॉलिशचा ठिपका लावावा, म्हणजे कुणाचा डबा कुठला हा गोंधळ दुःखाच्या घरात होत नाही.

सावडल्यानंतर अस्थी विसर्जनासाठी पैठण, गंगाखेड किंवा नांदेडला गोदावरीवर जायचे असेल तर एक गाडी पुरे होते. मागे तीन जीप भरून माणसे नेण्याची प्रथा घराच्या खिशाला लागते. तेराव्याच्या जेवणाचेही तेच. ज्या घरातला कमावता माणूस गेला त्या घराने पाचशे पाने उठवण्यासाठी व्याजाने पैसे काढणे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि ते थांबवण्याची ताकद त्या घरात नसते, ती फक्त गल्लीतल्या ज्येष्ठांत असते. त्यांनी स्वतःहून ‘आम्ही फक्त चहा घेऊ’ असे सांगितले तर घरच्यांची सुटका होते.

आणखी एक कडक नियम: या तेरा दिवसांत कुणाचीही सही किंवा अंगठा मालमत्तेच्या किंवा देण्याघेण्याच्या कोणत्याही कागदावर होऊ देऊ नये. पाहुणे जमलेले आहेत, मुली माहेरी आलेल्या आहेत, तेव्हा ‘एवढे हक्कसोड पत्र उरकून घेऊ’ असे सुचवणारा कुणीतरी निघतोच. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तिला तो सोडायचा असेल तर तो तिचा प्रश्न, पण तो निर्णय रडून डोळे सुजलेले असताना होऊ नये. तसेच ‘मयताने माझ्याकडून लाखभर घेतले होते’ असे सांगत येणाऱ्याचे नाव, रक्कम आणि तारीख वहीत लिहून घ्यावी, चहा पाजावा आणि पुरावा घेऊन महिनाभराने यायला सांगावे. विनापरवाना सावकार असेल तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयाकडे तक्रार करता येते, हे नुसते ऐकूनही काहींचा आवाज खाली येतो.

मृत्यूची नोंद: एकवीस दिवस

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे आणि नोंदीची मुदत २१ दिवसांची आहे. नोंद मृत व्यक्ती राहत होती तेथे होत नाही. जेथे मृत्यू झाला तेथे होते. परळीचा माणूस अंबाजोगाईच्या रुग्णालयात वारला तर दाखला अंबाजोगाईचा, आणि छत्रपती संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयात वारला तर तेथील महानगरपालिकेचा. रुग्णालयातील मृत्यूची माहिती रुग्णालयच कळवते, पण घरी झालेल्या मृत्यूची माहिती घरच्यांनीच नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला द्यायची असते. २१ दिवस उलटले तर विलंब शुल्क, ३० दिवस उलटले तर वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याचा आदेश, असा हा जिना चढत जातो.

नोंद करताना नावाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. आमच्याकडच्या एका वारकरी गृहस्थांचे नाव आधारवर ज्ञानोबा, पासबुकात ज्ञानदेव आणि सातबाऱ्यावर ग्यानबा असे होते, आणि तिन्ही एकच माणूस आहे हे पटवून देण्यात त्यांच्या मुलाचे सात महिने गेले. (निजामाच्या काळातील उर्दू कागदांवरून नावे उतरवताना काय काय झाले असेल ते वेगळेच.) दाखल्यावर आधारप्रमाणेच नाव येईल असे पाहावे, छापून येण्यापूर्वी मसुदा मागून वाचावा आणि किमान आठ-दहा प्रती एकदमच घ्याव्यात.

कागदांचा महिना

बहुतेक शेजारी गळून पडतात ते येथे, आणि खरी गरज असते तीही येथेच. चौदाव्या-पंधराव्या दिवशी, दुपारच्या निवांत वेळी, वाचता-लिहिता येणाऱ्या एका माणसाने व एका बाईने मिळून त्या घरी जावे, घरच्यांच्या समोर मृताची सगळी पासबुके काढावीत आणि मागील दोन वर्षांच्या नोंदी ओळीने वाचाव्यात. मे महिन्याच्या अखेरीस २० रुपये कापलेले दिसले तर तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे, अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर तो जीवन ज्योती विमा आहे, कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूसाठी २ लाखांचा. २०२२ पूर्वी हेच आकडे १२ आणि ३३० असे होते. ही कपात बँकेने कधीतरी एका सहीवर सुरू केलेली असते आणि घरच्यांना तिचा पत्ता नसतो. दाव्याचा अर्ज त्याच बँकेच्या शाखेत मिळतो व तो शक्यतो ३० दिवसांच्या आत द्यावा. शाखेत ‘नंतर या’ असे उत्तर मिळाले तर अर्ज लेखी देऊन पोच घ्यावी. तोंडी उत्तर वहीत चिकटवता येत नाही.

शेतकरी कुटुंबात अपघाती मृत्यू झाला असल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळतात. खातेदाराबरोबरच कुटुंबातील एका बिगरखातेदार सदस्याचाही तिच्यात समावेश आहे आणि अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. म्हणजे तेरावा होईपर्यंत निम्मी मुदत संपलेली असते. या एका अर्जासाठी तरी सुतक फिटण्याची वाट पाहू नये, कागद जमवायला शेजाऱ्याने तिसऱ्या दिवसापासून लागावे. मृत व्यक्ती वाळूज, शेंद्रा किंवा चाकणच्या कारखान्यात कामाला असेल तर भविष्य निर्वाह निधी, कुटुंबाचे निवृत्तिवेतन आणि त्याच खात्याला जोडलेला ७ लाखांपर्यंतचा विमा असे तीन वेगवेगळे हक्क असतात; कंत्राटदाराने ‘तो आमचा कायम कामगार नव्हता’ असे सांगितले तरी पगारपत्रकात निधीची कपात दिसत असेल तर हक्क आहे.

तहसील कार्यालयातील कामे एकाच फेरीत जोडून घ्यावीत. दारिद्र्यरेषेखालील घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २० हजार रुपये आणि विधवेसाठी संजय गांधी निराधार योजनेचे महिना १,५०० रुपये, या दोन्हींसाठी लागणारे दाखले बरेचसे सारखेच आहेत. मुले लहान असतील तर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे बालसंगोपन योजनेचा अर्ज करावा. तिच्यात प्रत्येक मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात आणि फक्त वडील गेले असले तरी मूल पात्र ठरू शकते. सातबाऱ्यावरील वारस नोंदीची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यावी आणि सर्व वारसांची, मुलींसह, नावे अर्जात आहेत ना ते पाहावे.

पैशाच्या बाबतीत तीन गोष्टी सांगतो. मृताचे एटीएम कार्ड वापरून पैसे काढून घेण्याचा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नये. त्यातून वारसांत भांडणे लागतात आणि बँकेतही अडचण होते. गल्लीने जमवलेली रक्कम दोघांनी मोजून, वहीत लिहून, बाईच्याच हातात किंवा तिच्याच खात्यात द्यावी, दिराच्या हाती नको, आणि देताना फोटो काढू नये. गल्लीच्या बाहेर जाहीर आवाहन करून वर्गणी काढायची असेल तर आधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी. याशिवाय ‘तुमचा विमा मंजूर झाला, ओटीपी सांगा’ असे फोन या काळात हमखास येतात. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही हे घरातल्या पोरांनाही बजावावे आणि फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न करता १९३० वर कळवावे.

त्यानंतरचे दिवस

बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे यांसारखे प्रकार थांबवायला गल्लीतल्या दोन ठाम बायका पुरतात. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये हे प्रकार बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ राज्य शासनानेही ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याविषयी परिपत्रक काढले. पण आमच्याकडे ठरावाची वाट न पाहता एका मावशींनी ‘माझ्यासमोर हे होणार नाही’ एवढेच म्हटले आणि ते झाले नाही. पुढे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या घरातल्या विधवा वहिनींनाच पहिले वाण मिळाले. घरातले कुणी महिन्याभरानंतरही झोपत नसेल, जेवत नसेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नये, १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर बोलावे आणि जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात स्वतः घेऊन जावे.

आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करू नये असे मानतात, आणि दुःखाच्या घरातली बाई नेमकी याच संकोचाने डबे घासून फळीवर मांडून ठेवते, पण परत पाठवत नाही. म्हणून डबे परत यायची वाट पाहू नये. प्रत्येक घराने आपला डबा आणायला वेगवेगळ्या दिवशी स्वतः जावे: पंधराव्या दिवशी एकीने, अठराव्या दिवशी दुसरीने, महिन्याने तिसरीने. गेल्यावर बसावे, चहा आपणच करावा आणि बँकेचे काय झाले ते विचारावे. मी वहीत तेरा ओळींच्या खाली आणखी आठ ओळी याच कामासाठी आखतो, आणि शेवटची ओळ पहिल्या दिवाळीची असते.